स्मरणचित्र

अक्काने मला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. लग्न करणार की नाही, एवढेच सांगायचे. "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण 'बघू' म्हणू नकोस. तुझं 'बघू' ऐकून ऐकून दाजींचे केस गेले," असे ती फोनवर म्हणाली. दाजींचे केस त्यांच्या वडिलांसारखेच तिशीत गेले, त्यात माझा हात नाही. परंतु 'बघू' या शब्दाबद्दलचा तिचा आरोप मला नाकारता येण्यासारखा नव्हता. गेली वीसेक वर्षे मी नुसता बघतोच आहे.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. वाईला एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिक. आता मॅट्रिक कोणी म्हणत नाही, दहावी म्हणतात. परंतु आमच्या वडिलांच्या तोंडी तोच शब्द होता, आणि १९९५ साली मी पास झालो तेव्हा त्यांनी 'पोरगं मॅट्रिक झालं' असे सांगतच गल्लीभर पेढे वाटले. त्यापुढे ड्रॉइंग मास्तर होण्यापुरता रंगरेषांचा एक कोर्स केला. तो सोडला तर माझ्या नावापुढे काही लागले नाही. उरलेल्या वेळात मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या तीन गावच्या वाचनालयात आहेत, आणि चौथी कोणी तरी नेऊन परत केलेली नाही. हा मी माझा सन्मान समजतो.

लग्न न झालेल्या माणसाला वाईसारखे सोयीचे गाव नाही. येथे प्राज्ञपाठशाळा चालवणारे नारायणशास्त्री मराठे ब्रह्मचारी, आणि १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा काढून त्यांच्यापाशी शिकायला आले ते विनोबा, तेही ब्रह्मचारी. तेव्हा कोणी फारच खोदून विचारले की मी गावच्या परंपरेकडे बोट दाखवून मोकळा होतो. समर्थांचे नाव मात्र घेत नाही. 'सावधान' हा शब्द ऐकताच ते बोहल्यावरून पळाले असे सांगतात, आणि पळून जाऊन त्यांनी पुढे काय केले ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मी पळालो तो घरीच येऊन बसलो.

एकट्याच्या संसाराचे फायदे मी नाकारीत नाही. गॅसचे सिलिंडर चार महिने पुरते. वर्तमानपत्राची घडी आपण मोडेपर्यंत तशीच राहते. दिवा केव्हा मालवायचा याबद्दल दुमत होत नाही. परंतु गेल्या श्रावणात मला ताप आला. साधाच ताप, चार दिवसांत उतरलाही. पाचव्या दिवशी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणून सांगायला गेलो तर आवाज फुटेना. तो म्हणाला, "सर, घसा बसला का?" घसा बसला नव्हता. चार दिवस वापरलाच नव्हता. हे मी अक्काला सांगितले, ही माझी चूक झाली. आठ दिवसांत स्थळ आले.

स्थळ साताऱ्याचे. बाई त्रेचाळीस वर्षांच्या. एका दवाखान्यात औषधे देण्याच्या खिडकीवर बसतात. यजमान २०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. एक मुलगी आहे, नववीत. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले होते. काळ किती पुढे गेला आहे पाहा. आमच्या बाबतीत वाळीत टाकण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. शेजारच्या काकूंनी फक्त इतकेच विचारले की तुमच्याकडे न्हाणीघर एकच ना? माझी स्वतःची अडचण निराळीच होती. चाळिशी ओलांडलेल्या नवरदेवाला मराठी माणूस एकाच नावाने ओळखतो. देवलांच्या 'संगीत शारदे'तला म्हातारा भुजंगनाथ १८९९ साली रंगभूमीवर आला तो अजून खाली उतरलेला नाही. आरशापुढे उभा राहून मिशांना कलप लावावा की लावू नये, असा विचार मी करीत असलो की तो माझ्या खांद्यावरून डोकावतो.

दुकान चालवायला देण्यापूर्वी वाणी जुन्या वह्या काढून येणी-देणी पाहतो. मीही तेच करायचे ठरवले. माझ्या आयुष्यात ज्या स्त्रिया आल्या (हे वाक्य लिहिताना मला हसू येते, 'आल्या' म्हणण्याइतक्या त्या जवळ आल्या नव्हत्या) त्यांचा एकदा नीट हिशेब मांडावा आणि मग अक्काला उत्तर द्यावे. नावे मी देणार नाही. गाव लहान आहे आणि दिवाळी अंक केशकर्तनालयात ठेवलेले असतात.

येथे थोडे माझ्या धंद्याविषयी सांगायला हवे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांना मी दरवर्षी मुले बसवतो. त्यांत स्थिरचित्र असते. म्हणजे समोर तांब्या, दोन फळे, मागे एखादे कापड असे मांडलेले असते, ते पाहून काढायचे. आणि एक असते स्मरणचित्र. 'आठवड्याचा बाजार', 'नळावरची गर्दी', 'गावची जत्रा' असा विषय द्यायचा, आणि मुलांनी पाहिलेले आठवून चित्र काढायचे. पंचवीस वर्षे ही चित्रे पाहून माझ्या ध्यानात आले आहे की मुले आठवून काढीत नाहीत. गेल्या वेळी जे चित्र काढले आणि ज्याला बरे गुण मिळाले, तेच पुन्हा काढतात. बाजार म्हटला की डाव्या कोपऱ्यात भाजीवाली, उजवीकडे छत्रीवाला म्हातारा, मध्ये फुगेवाला. वाईच्या बाजारात फुगेवाला मी क्वचितच पाहिला. कागदावर तो चुकत नाही. एकदा एका मुलाने सरावाच्या चित्रात ऐन मध्यावर जागा कोरी सोडली होती. विचारले तर म्हणाला, "तिथं आमचं दुकान असतं सर, पण त्या दिवशी बाबा आले नव्हते." त्याला मी किती गुण दिले ते आठवत नाही. कमीच दिले असणार.

असो. पहिली हळदीच्या वखारवाल्यांची. मी नववीत, ती आठवीत. वाईची हळद पूर्वीपासून नावाजलेली, आणि त्या वखारीवरून जाताना नाकाला जो वास लागे तो आजही आला की माझी चाल आपोआप संथ होते. तिच्याशी मी एकंदर तीन वाक्ये बोललो. त्यांतले एक 'बाजूला हो' हे होते, कारण सायकलला ब्रेक नव्हते. परंतु माझ्या पहिल्या कादंबरीत ती एकशे चाळीस पाने बोलते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर शेवटच्या पायरीशी पाय सोडून बसते, ढोल्या गणपतीच्या देवळातली घंटा वाजते आणि ती दूर कोठे तरी पाहते. लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली. २०१९ साली एस.टी. स्टँडवर भेटली. मी ओळखले, पण तिने हाक मारली तेव्हा माझ्या छातीत काय झाले ते मी सांगत नाही. ती म्हणाली, "सर, तुम्हीच ना ड्रॉइंगचे? आमच्या पुतण्याला एलिमेंटरीत 'सी' ग्रेड कशी हो मिळाली?" मी म्हटले, "त्याची भूमिती कच्ची आहे." एवढ्यात तिची गाडी लागली. म्हणजे आता एकंदर चार वाक्ये झाली.

दुसरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आमच्या गावाला चित्रपटवाल्यांचा वेढा पडलेला असतो. 'स्वदेस' २००४ साली पडद्यावर आला, त्यातले गाव म्हणजे इथून तासाभराच्या पायवाटेवरचे मेणवली. त्याच्या मागोमाग ज्यांचे नावही आज कोणी सांगणार नाही असे कितीतरी आले. तशांपैकी एकासाठी मला दुकानांच्या पाट्या रंगवायला बोलावले होते. कपडे सांभाळणारी एक मुंबईची मुलगी माझ्या शेजारी बसून इस्त्री करीत असे. सत्तावीस दिवस. जाताना पत्ता दिला. मी आठ पानी पत्र लिहिले. तिचे कार्ड आले, 'पाट्या छान दिसल्या' असे. माझी दुसरी कादंबरी त्या कार्डावर उभी आहे. ती पडली यात नवल नाही.

तिसरीपाशी मात्र थांबले पाहिजे.

त्या २००७ च्या जूनमध्ये आमच्या शाळेत संस्कृत शिकवायला आल्या. बी.ए., बी.एड. शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलाला टेबल लावून त्यांचे टेबल आले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी पहिली कादंबरी मागून नेली. तीन दिवसांनी परत आणली. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दाखवल्या होत्या, त्याही रागावून नव्हे, वहीवर खूण करावी तशा. मग म्हणाल्या, "तुमची नायिका कधी जेवत का नाही हो? एकशे चाळीस पानांत एकदाही नाही. मला मध्येच काळजी वाटायला लागली." मी हसलो. परंतु घरी येऊन कादंबरी चाळली. खरेच जेवत नव्हती.

चार वर्षे आम्ही शेजारी बसलो. रविवारी कधी मधी मेणवलीपर्यंत चालत जात असू. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली ती मोठी घंटा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ही घंटा असे सांगतात. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. बाई म्हणाल्या, "परक्या गावी येऊन किती निमूट राहिलीय बघा." मला ते वाक्य फार आवडले आणि मी ते तिसऱ्या कादंबरीत घातले. त्या वाक्यात स्वतःविषयी काही होते की काय, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. त्या मूळच्या कराडच्या. वाईत खोली घेऊन एकट्या राहत होत्या.

२००९ च्या पावसाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. वडील तेव्हा नव्हतेच. अक्का येऊन-जाऊन असे, पण रोजचे मलाच पाहावे लागे. बाई वरचेवर येत. आईची वेणी घालीत. अशीच दीड-दोन वर्षे गेली आणि एका संध्याकाळी शाळेच्या जिन्यात त्यांनी मला सरळ विचारले, "सर, तुम्ही विचारणार आहात की मी विचारू?" मी म्हणालो, "आईचं हे असं. तुम्हाला त्यात कशाला ओढू?" त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. २०११ च्या मे महिन्यात त्या कराडच्या शाळेत गेल्या. पुढे तिकडेच लग्न झाले. आई २०१४ साली गेली.

या प्रकाराला मी मनात एक नाव देऊन ठेवले होते: त्याग. तिसऱ्या कादंबरीचा नायक आईसाठी आपले प्रेम दूर सारतो. त्यात एक प्रसंग आहे. आजारी आईला बोलता येत नाही, ती नुसते 'पा... पा...' म्हणते, मुलगा पाणी आणतो, ती मान हलवते, तो पुन्हा पाणी आणतो, ती डोळे मिटते. हा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आले, असे कितीतरी वाचकांनी कळवले. ती पत्रे मी जपून ठेवली आहेत.

तर हिशेब मांडायला बसलो आणि या पानावर अडलो. साताऱ्याच्या बाईंना मी काय सांगणार होतो? मी आईसाठी राहिलो, हेच. चांगले दिसते ते. अक्काही सगळ्यांना हेच सांगत आली आहे. पण आई जाऊनही अकरा वर्षे झाली, त्यांचे काय? एका रविवारी सकाळी मी कराडची गाडी पकडली. का, ते नक्की सांगता येत नाही. पावती घ्यायला गेलो होतो असे म्हणा.

बाईंच्या घराच्या गच्चीवरून प्रीतिसंगम दिसत नाही, पण हवा तिकडून येते. त्यांचे यजमान मोठे अगत्यशील. 'तुमच्याविषयी खूप ऐकलंय' असे म्हणून त्यांनी स्वतः पोहे केले, आणि बँकेत काही काम नसताना, रविवार असताना, 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडले. बाई आता चष्मा लावतात. मुलगा पुण्याला शिकतो. मी स्थळाची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मग अडलंय कुठं?" मी माझे नेहमीचे सांगू लागलो: "तेव्हा आईमुळे—"

"आईंमुळे?" त्या म्हणाल्या. "सर, आईंनी मला पाटल्या दाखवल्या होत्या की."

मी पाहतच राहिलो.

"तुम्ही शाळेत होतात. मला खुणेनं कपाट उघडायला लावलं. खालच्या खणात बिस्किटाच्या डब्यात होत्या. डाव्या हातानं माझ्या मनगटाशी धरून पाहिल्या. घट्ट होतील असं दिसलं तर हसल्या. मी जिन्यात तुम्हाला विचारलं ते त्यानंतर आठ दिवसांनी. मला वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं असणार, तरी तुम्ही आईचंच कारण पुढं केलंत, म्हणजे तुम्हाला नको आहे. मग मी कशाला थांबू?"

"तिला बोलता येत नव्हतं," मी म्हटले.

"थोडं येत होतं," त्या म्हणाल्या. "मला 'बाई' म्हणत. स्पष्ट म्हणत."

परतीच्या गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होते ते मी पाहिले नाही. मला ती संध्याकाळ दिसत होती. कादंबरीतली नव्हे, तिच्या खालची. आई कपाटाकडे हात करून 'पा... पा...' म्हणत होती. मी पाणी आणले. तिने मान हलवली. मी पुन्हा पाणी आणले. आणि मग ती म्हणाली, "बाई." हे मी कादंबरीत लिहिलेले नाही. ती दोनदा म्हणाली, "पा... बाई. बाई." पाटल्यांचे मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण ती पाण्याविषयी बोलत नाही हे मला कळले होते. कोणाविषयी बोलते आहे हेही कळले होते. कपाट चार हातांवर होते. मी पेला तिच्या ओठांना लावला आणि म्हटले, "पी आता, उगीच त्रास करून घेऊ नकोस."

का? गाडी साताऱ्याला थांबून पुढे निघाली तरी मी त्याच प्रश्नाशी होतो. मी मॅट्रिक आणि त्या बी.एड., पगारात फरक, हे होतेच. पण ते सांगून टाकण्यासारखे कारण आहे. खरे मला वाटते ते इतकेच की त्यांनी माझी कादंबरी तीन दिवसांत वाचली होती आणि ती जेवत नाही हे त्यांच्या लक्षात आले होते. असे माणूस रोज समोर बसून जेवणार, आणि मी लिहिलेले, मी केलेले, मी न केलेले सगळे पेन्सिलीने खूण करून परत देणार, याची मला भीती वाटली. घाटावर पाय सोडून दूर पाहणारी मला बरी वाटत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

घरी येऊन कपाटाचा खालचा खण उघडला. आई गेल्यावर अक्काने वरचे दोन खण आवरले होते. खाली जुन्या चादरी आहेत म्हणून तो तसाच राहिला होता. चादरींच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कापसात गुंडाळलेल्या दोन पाटल्या. अकरा वर्षे मी त्या कपाटाला टेकून पेपर वाचीत आलो आहे.

पुढच्या रविवारी साताऱ्याला अक्काकडे पाहण्याचा कार्यक्रम झाला. 'पाहण्याचा' म्हणायचे, खरे पाहता दाजी एकटेच बोलत होते. शेवटी अक्काने त्यांना पेढे आणायला पाठवले आणि आम्हा दोघांना गॅलरीत. या बाई मोजके बोलतात. औषधांच्या खिडकीवर बसून तशी सवय होत असावी: ही सकाळी, ही रात्री, जेवणानंतर. म्हणाल्या, "तुमच्या कादंबऱ्या मी वाचलेल्या नाहीत. वाचायला हव्यात का?"

मी म्हटले, "तिसरी वाचू नका. त्यात एक खोटं आहे." आणि मग, इतक्या वर्षांत अक्कालाही जे सांगितले नव्हते ते त्या अनोळखी बाईंना सगळे सांगितले. जिना, पाणी, बाई हा शब्द, डबा. कलप लावला नव्हता हे बरे झाले. घामाने ओघळला असता.

त्यांनी ऐकून घेतले. 'असं होतं' किंवा 'जाऊ द्या' असे काही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते म्हणत होते, 'मला घरी ने.' मी म्हणत होते, 'दोन दिवसांत नेते.' मला माहीत होतं. मी पण खिडकीवरच काम करते ना." मग, "त्यांचा फोटो भिंतीवर राहील. तुम्हाला चालेल?"

मी म्हटले, "चालेल. पण आमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. आतल्या खोलीत लावावा लागेल."

पेढे आले तेव्हा त्यांनी तीन खाल्ले. मी मोजले, याची मला नंतर लाज वाटली.

घर पाहायला त्या दसऱ्याच्या चार दिवस आधी वाईला आल्या. बरोबर मुलगी आणि अक्का. मी पाटल्या काढून ठेवल्या होत्या. त्यांनी हातात घेऊन पाहिल्या, वजनाचा अंदाज घेतला आणि परत दिल्या. "या माझ्या नव्हेत. ज्यांच्या होत्या त्यांना आता देता येणार नाहीत. अक्कांना विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर मोडा. भिंत आतपर्यंत खरवडून नवा गिलावा करून घ्या. नुसता रंग काढू नका." अक्का डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. तिला अजून काही ठाऊक नव्हते. त्या रात्री मी सांगितले. ती बराच वेळ गप्प होती आणि मग मला एक शिवी दिली, जी आई वडिलांना देत असे.

मुलगी सबंध वेळ खुर्चीवर बसून होती. तिला माझी चित्रे दाखवावी असे मला वाटत होते, पण तिने मागितली नाहीत आणि मी काढली नाहीत. निघताना पायात चप्पल घालता घालता तिने एकच प्रश्न विचारला, तोही आईकडे पाहून: "इथं रेंज येते का?"

आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन हात जाडीच्या. मी एकटा माणूस, फोन आला तर ओट्यावर जाऊन बोलतो; आत रेंज येते की नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या गेल्यावर फोन हातात उंच धरून मी घरभर हिंडलो. माजघरात नाही. माडीवर नाही. स्वयंपाकघरात एक कांडी आली आणि गेली. आईच्या कपाटाशेजारी जी लहान खिडकी आहे तिच्याजवळ मात्र पुरती येते. तिथे एक टेबल मावेल; कपाट हातभर सरकवावे लागेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला, तो मी तिथेच उभा राहून घेतला.